ओल्या छत्र्या मिटेनात

मला इंग्रजी गाणी कळत नाहीत.

यात कबुली देण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे! कारण माझं लग्न झालं ते मला इंग्रजी गाणी कळतात या एकाच गुणावर, आणि मागच्या रविवारपर्यंत, अठ्ठावीस वर्षांत, खरं काय ते मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. (हे छापून येईल त्या दिवशी मी नोएडाला ऑफिसात असेन. रविवार असला तरी.)

मी मूळचा वाशीमचा. यूपीएससी करायला म्हणून दिल्लीत आलो. चार प्रयत्न केले, चारही वेळा देश थोडक्यात बचावला, आणि मी नोएडातल्या एका कंपनीत चिकटलो. त्या सगळ्या अभ्यासातून एकच विद्या हाती लागली. क्लासचे सर सांगायचे, "मुलाखतीत काहीही विचारू देत, ‘माहीत नाही’ असा चेहरा करायचा नाही. कशावरही तीन वाक्यं बोलता आली पाहिजेत." ही विद्या यूपीएससीत उपयोगी पडली नाही. ती उपयोगी पडली मुलगी बघायला गेलो तेव्हा.

सुलेखाचे वडील, म्हणजे आमचे नाना, केंद्र सरकारात होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने त्यांना तीन वर्षं लंडनला पाठवलं होतं. बाकीचे लोक तिकडून मिक्सर आणि सुटकेसा घेऊन यायचे. नाना एक बँड घेऊन आले. ‘द वेट अंब्रेलाज’! न्यू वेव्ह नावाच्या प्रकारातली चार पोरं. केस विजेचा धक्का बसल्यासारखे उभे, डोळ्यांत काजळ, आणि चेहरे असे की चौघांचे साखरपुडे एकाच दिवशी मोडलेत. आमच्या सासूबाई, माई, त्यांना पहिल्यापासून ‘ओल्या छत्र्या’ म्हणतात. नानांना लंडनमध्ये त्यांचा कार्यक्रम एकदा तरी प्रत्यक्ष बघायचा होता. तिकीटही काढलं होतं. पण त्या संध्याकाळी साहेबांनी एक फाइल पुढ्यात टाकली, आणि ते राहून गेलं. हे दुःख त्यांनी सरकारी क्वार्टरच्या भिंतीवर रेकॉर्डचं कव्हर फ्रेम करून लावून जपलं होतं.

त्या फ्रेमखाली बसून मी पोहे खात होतो.

"संगीतात रस?" नानांनी विचारलं.

"आहे."

"काय ऐकता?"

माझ्या आधी पुण्याचा एक इंजिनियर येऊन गेला होता. त्याच्याकडे गाडी होती. माझ्याकडे बसचा पास होता. मी मान वर केली, भिंतीवरचं नाव वाचलं आणि म्हणालो, "तसं सगळंच ऐकतो. पण मन रमतं ते वेट अंब्रेलाजमध्येच."

नानांच्या हातातला चमचा बशीत पडला. "अगं, बाहेर ये! लवकर ये! यांना अंब्रेलाज माहीत आहेत!"

"तुमच्यासारखा आणखी एक?" माई आतून म्हणाल्या. "मग दोघं मिळून ऐका. माझे कान सुटतील."

इंजिनियर गेला, मी राहिलो.

माझा अंदाज अगदी साधा होता. असले बँड टिकतात किती? पाच वर्षं, फार तर सात. मग आपसात भांडतात, फुटतात, संपतात. हा तर तेव्हाच जुना झाला होता. लग्नानंतर वर्षभरात संपेल, आपण नानांबरोबर एक दिवस सुतकी चेहरा करू आणि सुटू. पण कसचं काय! लग्नाच्याच वर्षी गायकाचं आणि गिटारवाल्याचं बिनसलं, बँड फुटला. मी मनातल्या मनात पेढे वाटले. दीड वर्षात दिलजमाई! मग ड्रमवाला बँड सोडून मेंढ्या पाळायला गेला. आता तरी? छे! बाकीच्यांनी मेंढ्यांवरच अल्बम काढला. निरोपाचा दौरा झाला. मग खरोखरच्या निरोपाचा दौरा झाला. मग लोकाग्रहास्तव तिसरा. नाना निवृत्त होऊन द्वारकेत आमच्याच सेक्टरात राहायला आले, तिथवर मेट्रो आली, माझे केस गेले, साखर आली, आणि दर दोन-तीन वर्षांनी छत्र्यांचा नवा अल्बम येतच राहिला. मराठी संसारसुद्धा इतका चिवट नसतो हो!

आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता ‘श्रवण’. नाना रेकॉर्ड पुसून लावणार, मी समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसणार. डोळे उघडायची वेळ आली की म्हणायला मी तीन वाक्यं तयार ठेवली होती. एक, "बेस ऐका, बेस!" दोन, "इथे आतून काहीतरी तुटतं." आणि तीन, "छान आहे, पण पहिल्या अल्बमची सर नाही." तिसरं वाक्य कधीही वाया जायचं नाही. एकदाच घोटाळा झाला. मी ते म्हणालो, आणि लागलेला होता पहिलाच अल्बम!

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग ते सावकाश म्हणाले, "खरंय. पहिल्यांदा ऐकताना जे वाटलं होतं, ते आता त्याच रेकॉर्डमध्येही सापडत नाही. काय बोललात जावईबापू!"

अशा माणसासमोर खरं बोलायचं तरी कसं?

सुलेखाला एक धाकटा भाऊ आहे, अनिरुद्ध. दिल्लीतच वाढलेला, पंजाबी गाण्यांवर नाचणारा, स्वभावाने सोनं. त्याने शाळेत असताना कधीतरी नानांना सांगून टाकलं होतं, "पापा, मुझे ये पसंद नहीं." खरं बोलला, एवढाच गुन्हा! तेव्हापासून नाना त्याच्याशी गॅसचा सिलिंडर आणि हवामान यापलीकडे बोलत नसत. उलट आल्या-गेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हा जावई नाही, हा माझा मुलगा आहे." माझे वडील मी सातवीत असतानाच गेले. हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी आयुष्यभर मेंढ्यांचा अल्बम ऐकायला तयार होतो. (हे विनोदी लेखात बसत नाही. पण आता सांगायलाच बसलोय.)

नाना ऐंशीचे झाले तेव्हा सुलेखाने सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. होमहवन, दिव्यांनी ओवाळणं, सोसायटीच्या हॉलमध्ये जेवण. त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक जाहिरात आली. वर वेट अंब्रेलाजचं नाव, खाली चार पोरं, उभे केस, डोळ्यांत काजळ. थेट नानांच्या भिंतीवरचे चेहरे! नोएडात, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, नेमकं त्याच संध्याकाळी सहाला. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं. चष्मा आतल्या खोलीत होता.

मी अनिरुद्धला फोन केला. तिकिटांचं ॲप त्याच्याकडे होतं.

"जिजाजी, पक्का? हे तेच लोक आहेत ना?" त्याने विचारलं. "नोएडाच्या मॉलमध्ये कसे काय येतील?"

"अरे, बिल्कुल तेच! पंचवीस वर्षं ऐकतोय मी. मला विचारतोस?"

"अच्छा, सॉरी. तुम्ही म्हणता तर काढतो."

बातमी ऐकून नाना खुर्चीत बसले ते दहा मिनिटं उठले नाहीत. मग त्यांनी गायकाला पत्र लिहायला घेतलं. आठ पानं झाली. माईंनी छत्र्यांसाठी बेसनाचे लाडू केले. "परदेशात कोण करून घालतंय त्यांना!"

सकाळचा विधी आटोपला आणि नाना तसेच निघाले. डोक्यावर सत्काराची पगडी, अंगावर शाल, कपाळाला गुरुजींनी लावलेलं गंध, खिशात पत्र. अनिरुद्धने गाडी द्वारकेहून नोएडापर्यंत अशी चालवली की माईंच्या मांडीवरचा डबा हलला नाही. पोचल्यावर नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिकिटं तू काढलीस म्हणे. बरं केलंस हो." अनिरुद्ध लाजून गाडी लावायला पळाला. पस्तिशी ओलांडलेला माणूस!

आम्ही पहिल्या रांगेत. दिवे मंद झाले, धूर सुटला, चौघं स्टेजवर आले. मी नानांच्या कानाशी लागून म्हणालो, "बघा, वय जाणवत नाही अजिबात!"

नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात गायक माइकवर ओरडला, "हॅलो नोएडा! कैसे हो यार?"

"हिंदीसुद्धा शिकून आलेत!" मी म्हणालो.

खरा प्रकार कळला तो त्यानंतर. कारण पहिल्या गाण्याआधी गायकाने ओळख करून दिली. चौघंही इथलेच. नोएडात सॉफ्टवेअरची नोकरी करायची आणि शनिवार-रविवारी आपल्या आवडत्या बँडची गाणी गायची. खरे वेट अंब्रेलाज आज सत्तरीच्या घरात आहेत, गायकाला टक्कल पडलंय, हे जगातल्या प्रत्येक चाहत्याला माहीत होतं. माझ्या डोक्यात ते त्या फ्रेममधल्या वयातच थांबले होते!

नानांनी खिशातलं पत्र एकदा चाचपलं. मग माझ्याकडे वळले. संपलं, मी म्हटलं. पंचवीस वर्षांची पत आता मॉलमध्ये, माईंच्या लाडवांच्या साक्षीने जाणार.

"जावईबापू," ते म्हणाले, "‘वय जाणवत नाही,’ ‘हिंदी शिकून आलेत.’ मला बरं वाटावं म्हणून थट्टा करताय, कळतंय मला. पण आज हसू येत नाही हो." आणि अनिरुद्धकडे बघून, "हे तुझं काम. ज्याला बँडचं ओ की ठो कळत नाही, तोच अशी चूक करू शकतो."

काय तर्क! बिनतोड तर्क! फक्त माणूस चुकला होता.

अनिरुद्धने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसता थांबला, मी काही बोलतोय का म्हणून. आणि मी, कशावरही तीन वाक्यं बोलू शकणारा मी, एकच वाक्य बोललो. "जाऊ द्या नाना, लहान आहे तो."

अनिरुद्ध म्हणाला, "सॉरी पापा."

मध्यंतरात नाना उठले. मला वाटलं, घरी जायला. ते गेले स्टेजपाशी. त्यांनी गायकाला खाली बोलावून सांगितलं, की तिसऱ्या गाण्यात तू एक ओळ गाळलीस आणि पाचव्यात घाई केलीस. पगडी, शाल, गंध बघून पोरगं आधी पायाच पडलं. "सर, आपको ये सब कैसे पता?" पाच मिनिटांत चौघं नानांभोवती गोळा, दहा मिनिटांत लाडू फस्त! मध्यंतरानंतर नाना स्टेजवर खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक गाण्याआधी ते कधी, कुठे, कोणाच्या भांडणातून निघालं ते माइकवरून सांगत राहिले. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या. परतताना म्हणाले, "फसलो, पण मजा आली." मलाही वाटलं, चला, निभावलं.

कुठलं निभावतंय! ती चार पोरं आता दर रविवारी मेट्रोने नोएडाहून द्वारकेला येतात. श्रवणाला! चारही खरेखुरे जाणकार. नाना मध्येच गाणं थांबवून म्हणतात, "थांबा, हे जावईबापूंना विचारू." मग चार जोड्या डोळे माझ्याकडे. "सर, इस एल्बम में ड्रमर कौन था?" मी डोळे मिटून म्हणतो, "प्रश्न ड्रमरचा नाही." पोरं वहीत लिहून घेतात!

हे एकवेळ सोसेन. पण अनिरुद्ध चहा घेऊन येतो, तेव्हा नाना विचारतात, "चहा अस्सलच आहे ना रे? का नोएडाचा?" आंबे आणले की तेच, औषधं आणली की तेच. गेली तीन वर्षं, दर रविवारी. सगळे हसतात. अनिरुद्धही हसतो. मीही हसतो, आणि ते सगळ्यात वाईट.

मागच्या रविवारी कप विसळून तो निघाला, तेव्हा मी लिफ्टपाशी गाठलं. "अनिरुद्ध, आज आत जाऊन सांगूनच टाकतो."

"रहने दो ना, जिजाजी. संडेशिवाय त्यांच्याकडे आहे काय? तुमच्यावरचा विश्वास गेला तर ऐकायला बसतील का ते?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक विचारू? तुम्हाला खरंच आवडतं ते?"

"अजिबात नाही रे."

तो इतका हसला की लिफ्ट येऊन रिकामीच परत गेली. मग दुसरी आली, दार मिटलं, तो गेला. मी आत येऊन खुर्चीत बसलो आणि डोळे मिटून म्हणालो, "बेस ऐका, बेस!"

नानांना आता बारीक अक्षर दिसत नाही. मासिकं मीच त्यांना वाचून दाखवतो. हे पान आलं की माझा घसा बसेल, की दोन पानं एकदम उलटली जातील, याची हमी मी देऊ शकत नाही. मी मला चांगला ओळखतो. म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. ते लोक कोण आहेत हे न बघता तिकिटं काढायला मी सांगितलं होतं. चूक माझी होती. अनिरुद्धची माफी मागायची आहे, नानांच्या समोर. ती अजून मागितलेली नाही.