पडद्यावरची बाई

दवाखान्याची शववाहिका चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे दादा म्हणत. जिभेला हाड नव्हतं. "माझ्या गाडीतला प्रवासी कधी कुरकुर करत नाही," असं म्हणून ते चहा पिताना चारचौघांना हसवायचे. पण एकदा गाडी सुरू झाली की मागे वळून बघणं नाही. रडणं कानावर यायचं, नजर रस्त्यावर. बायको गेली तेव्हाही गाडी त्यांनीच चालवली, तशीच.

मुलगी ग्रंथालयात कामाला होती. तिथे रविवारी दुपारी जुने परदेशी चित्रपट दाखवत. बाबा घरात एकटे बसून असतात म्हणून एकदा तिने त्यांना आग्रहाने नेलं. चित्रपट फ्रेंच, काळापांढरा. खालची अक्षरं वाचून होईपर्यंत पुसली जायची. दादांनी तासभर जांभया दिल्या.

मग एक बाई आली. बैलगाडीत पोराच्या शवपेटीला टेकून बसलेली. गाडी चालत राहिली आणि पडद्यावर नुसता तिचा चेहरा. ना संगीत, ना शब्द. ती रडतही नव्हती. शेजारचे लोक चुळबुळ करू लागले. दादांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मुलीने हळूच विचारलं, निघूया का? त्यांनी मान हलवली, नको.

बाहेर आल्यावर ते पायरीवरच बसले.

"तुझ्या आईला नेलं तेव्हा मागे तू एकटीच होतीस ना?"

"हो."

"रडत होतीस?"

"नाही. तुमच्या पाठीकडे बघत होते."

दादा उठून चालू लागले. घरी जाऊन न जेवता झोपले.

त्या आठवड्यात एका तरुण जोडप्याचं तान्हं बाळ न्यायचं होतं. निम्म्या वाटेत दादांनी गाडी कडेला घेतली, मागे वळून त्या आईकडे बघितलं, आणि त्यांच्याने पुढे गाडी हाकवेना. बाळाचा बाप हात जोडत होता, मग शिव्या देऊ लागला. शेवटी दुसरा ड्रायव्हर बोलवावा लागला.

साहेबांनी त्यांना चादरींच्या कोठीत बसवलं. तिथे ते निवृत्त होईपर्यंत घड्या घालत राहिले. थट्टामस्करी संपली. लोक म्हणत, सिनेमा बघून माणूस वाया गेला. मुलीलाही कधीकधी तसंच वाटे. मात्र आता रोज जेवताना दादा तिच्या समोर बसत आणि तिचं ताट रिकामं होईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहत. तिला घास गिळणं जड जाई. पण नका बघू, असं तिने कधी म्हटलं नाही.