मोहनचा रोल

विमलाक्कांच्या फ्रीजमध्ये दुधाला जागा नसे. मळमड्डीत त्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहायला आलो आणि पहिल्याच दिवशी दुधाची पिशवी ठेवायला गेलो, तर अक्का त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "निल्लु, थांब! ते रोल हलवू नको." आत कृष्णधवल फिल्मचे रोल रचलेले. ती फिल्म कंपनीनं बनवणं कधीच बंद केलं होतं.

अक्का शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या स्टुडिओंतून त्या असे मुदत संपलेले रोल शोधून आणत, अंगणातल्या पेरूचे, दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढत आणि न्हाणीघरात अंधार करून रोल स्वतः धुवत. जुन्या फिल्मवर करडं धुकं चढतं. ते कमी यावं म्हणून केमिकल थंड करून, कमीजास्त वेळ ठेवून त्या बघत राहत. "फोटो कुणाला हवेत?" त्या म्हणत. "मला हात बसवायचाय."

कशासाठी, ते मला अक्कांकडे येणाऱ्या श्रीपादकाकांकडून कळलं. अक्कांचा धाकटा भाऊ मोहन कॉलेजात असताना दांडेलीजवळ काळी नदीत बुडाला होता. सोबत त्याचा मित्र होता, तो म्हणजे हे श्रीपादकाकाच. "मी झोपेत होतो, तो एकटाच नदीवर गेला," असं ते सांगत. सामानाबरोबर मोहनचा कॅमेरा घरी आला, आत न धुतलेला रोल. फ्रीजमधल्या रोलांच्याच जातीचा. तो एकदा बिघडला की संपलंच, म्हणून अक्का धजत नव्हत्या.

काका नवनगरहून दर रविवारी येत, सिलिंडर लावून देत, अक्कांच्या गोळ्या आणत. निघताना हटकून म्हणत, "अक्का, तो रोल टाकून दे ग. त्यात काही उरलं नसणार."

गेल्या हिवाळ्यात अक्कांनी तो रोल धुतला. वाळलेली फिल्म घेऊन वर आल्या आणि माझ्या खिडकीच्या उजेडात धरली. बहुतेक फोटो धुक्यात गेलेले. शेवटचा मात्र दिसत होता: पाण्यावर मोहनचं डोकं आणि वर उचललेला एक हात.

"एकटा होता ना?" अक्का म्हणाल्या. "मग हा काढला कुणी?"

रविवारी त्यांनी छापलेला फोटो काकांपुढे ठेवला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला वाटलं, फोटोसाठी हात हलवतोय," ते म्हणाले. "मी म्हटलं, अजून वर कर..."

"पोहता येत होतं तुला?"

"नाही, अक्का."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

काका उठून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. फोन बंद. दुपारी अक्का म्हणाल्या, "रिक्षा बोलाव." नवनगरात काकांच्या दाराशी वर्तमानपत्रं तशीच पडलेली, दाराला आतून कडी. काका एकटेच राहत. मी हाका मारल्या. आत काही हाललं नाही.

अक्का यंदा उन्हाळ्यात गेल्या. पण मला त्या आठवतात ते त्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारताना.

"श्रीपाद, ऐकतोयस ना? एक भाऊ गेला माझा. साक, तेवढं पुरे. दार उघड, बा, ये बाहेर."

कडी निघायला फार वेळ लागला.