पाण्याखालची फरशी

राव्हेन्ना शहरातल्या एका जुन्या चर्चमध्ये वेदीखालच्या झरोक्यातून मी वाकून पाहिलं. तळघरात नितळ पाणी साचलं होतं आणि रंगीत दगडांच्या नक्षीवरून लाल मासे संथ फिरत होते. मला ते फार सुंदर वाटलं.

झाडणाऱ्या म्हाताऱ्या बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "शहर खचतंय. पंप चालतो, म्हणून पाणी एवढ्यावर आहे."

कधीकाळी हे शहर एका साम्राज्याची राजधानी होतं. सम्राट गेले, समुद्रसुद्धा दूर हटला. जमिनीखालचं पाणी मात्र वर येत राहिलं.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. म्हणून रोज आल्या आल्या पंपाचा आवाज ऐकते."

मीही कान दिला. खालून बारीक घरघर येत होती. मध्येच ती अडखळली, आणि बाईंचा झाडू थांबला.