खांबावरून उतरलेला विद्यार्थी

गिटार मांडीवर घेण्याआधी काका तारांना उलटा हात लावायचे. बोटांची मागची बाजू सहाही तारांवरून हलकेच फिरवायची, क्षणभर थांबायचं आणि मग म्हणायचं, "चालते. मेलेली हाय."

पहिल्या दिवशी मला याचा अर्थ लागला नाही. त्यांनीच समजावून सांगितला. लाईनमन कुठल्याही तारेला आधी तळहात लावत नाही. करंट असला तर मूठ आवळली जाते आणि तार सुटत नाही. उलट्या हाताला झटका बसला तर हात मागे फेकला जातो. नायलॉनच्या तारेतून काही येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण हात ऐकत नव्हता.

असा माणूस तुमच्याही भागात असेल. खाकी शर्ट, कमरेला पट्टा, खांद्यावर दोराचं वेटोळं. आपण त्याच्याकडे मान वर करून बघतो आणि एकच प्रश्न विचारतो: लाईट कधी येणार? मीही इतकी वर्षं तेवढंच बघत होते. हे काका आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहायचे, तरी त्यांचा चेहरा मला खालून पाहिलेलाच आठवायचा.

पुण्यात शिकत असताना मी पाच वर्षं क्लासिकल गिटार शिकले. नोकरी घरून करता येणारी मिळाली आणि मी मेहकरला परत आले. इथे मी गिटार वाजवते हे आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. लाईट गेली की कंप्युटर बंद, काम बंद. मग मी मागच्या खोलीत बसून वाजवायचे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी बेल वाजली. दारात काका, घामाने ओले.

"मॅडम, ते तुम्ही वाजवून राह्यल्या होत्या का?"

मी घाबरून हो म्हटलं. मला वाटलं, तक्रार आहे.

"फ्यूज कधीचाच बसवला मी. पण चालू नाई केला. म्हटलं, लाईट आली का तुम्ही वाजवणं बंद करसान. दहा मिनिटं सगळ्या गल्लीले उकाड्यात ठेवलं तुमच्यापायी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मले शिकवसान का?"

वय छप्पन्न. निवृत्तीला दोन वर्षं. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही, म्हणून मी हो म्हणते. माझ्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

दर रविवारी चार वाजता ते यायचे. गिटार त्यांनी अकोल्याहून आणली होती. तिसऱ्या रविवारी बघते तर तीन खुंट्यांना लाल, पिवळी आणि निळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. "नावं ध्यानात राहत नाईत मॅडम. तीन फेजचे रंग राहतात." त्यानंतर आमच्या घरात तारांची इंग्रजी नावं कुणी घेतली नाहीत. "निळी ढिली झाली वाटते," असं म्हटलं की मीही निळीच आवळायचे.

नव्या माणसाची बोटं दुखतात, सोलवटतात. काकांची दुखत नव्हती. त्यांना आधीच घट्टे होते. उलट बोटाखाली तार आहे की नाही हेच त्यांना कळायचं नाही. मग ते इतकं जोरात दाबायचे की सूर वर चढायचा.

"काका, हात सोडा. सैल सोडा."

"हात सोडला का माणूस खाली येते, मॅडम. तीस वर्षं हात न सोडायचंच शिकलो."

उजव्या हाताची नखं वाढवायची असतात. ती दर आठवड्याला खांबावर तुटायची. उरलेली ते सँडपेपरने घासून आणायचे. ऑफिसातले लोक त्यांना "काऊन बे, आता नेलपॉलिश लावतं का?" असं विचारायचे, हे ते स्वतःच हसत सांगायचे. माझं हसू मात्र थोडं उशिरा यायचं.

पाचव्या महिन्यात एक स्वर स्वच्छ वाजला. एकच, पिवळ्या तारेवरचा. खरखर नाही, शेजारच्या तारेला धक्का नाही. काका तो विरेपर्यंत थांबले. मग गिटार बाजूला ठेवून म्हणाले, "आज एवढंच राहू द्या." चहा न घेताच गेले. मी शिकत होते तेव्हा असा स्वर मला कधी थांबवू शकला नव्हता. मला पुढचा हवा असायचा.

एकदा मी विचारलं, खांबावर चढताना भीती वाटत नाही का? ते म्हणाले, "आधी सबस्टेशनले फोन लावतो. ऑपरेटर म्हणते, लाईन बंद हाय. मी इचारतो, पक्की? तो म्हणते, पक्की. मग चढतो."

"आणि त्याने चुकून सांगितलं तर?"

"त्यानं सांगतलं ना मॅडम. मग आपण काऊन शंका घ्यायची? शंका घेतली तर चढताच येत नाई."

निवृत्तीच्या दोन महिने आधी त्यांनी विषय काढला. ऑफिसात निरोप समारंभ होतो, शाल, नारळ, दोन-चार भाषणं. शेवटी जाणाऱ्याने बोलायचं असतं. "मले भाषण जमत नाई. मी त्याऐवजी वाजवतो. तुम्ही बसा बाजूले."

मी त्यांच्यासाठी दोन गिटारींचा एक छोटा तुकडा लिहिला होता. विद्यार्थ्याच्या वाट्याला थोडे, सुटे सुटे स्वर. चाल खरी शिक्षकाच्या भागात. दोन्ही मिळून ऐकलं की वाटतं, विद्यार्थीच सगळं वाजवतोय. मध्ये दोनदा विद्यार्थ्याने सोळा आकडे मोजत गप्प बसायचं आणि शिक्षकाने एकट्याने वाजवायचं.

"याल ना?" त्यांनी विचारलं.

"येते."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

समारंभाच्या आठ दिवस आधी आमच्या खिडकीखाली त्यांचे एक सहकारी तार ओढत होते. "काका, तुमच्या मॅडमचा प्रोग्राम हाय म्हणतात! आम्ही शिट्ट्या मारू!" काका खांबावरून ओरडले, "मार बे, पण तालात मार!" दोघंही हसले. मी पडद्यामागे उभी होते.

शिट्ट्यांची भीती होती, हे खरं. चार माणसांसमोर मला स्वतःचं नावही धड सांगता येत नाही. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुणीतरी व्हिडिओ काढेल, तो फिरत फिरत पुण्याच्या क्लासमधल्या मुलींपर्यंत जाईल, आणि त्या मला रंगीत टेपच्या गिटारीशेजारी बसलेली बघतील, असं माझ्या मनात आलं. मला काकांची लाज वाटली. दोन वर्षं ज्यांच्या चुकांवर मी प्रेमाने हसत होते, त्यांचीच.

समारंभाच्या दिवशी दुपारी मी मेसेज पाठवला. "काका, ताप आलाय. येऊ शकत नाही. सॉरी." उत्तर लगेच आलं. "आराम करा मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात होते. एका हातात मोसंब्यांची पिशवी, दुसऱ्यात समारंभातला अल्पोपहाराचा डबा. "तुमच्या वाटचा. बालुशाही चांगली हाय. ताप उतरला का?"

"हो."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ताप आलाच नव्हता हे तिला माहीत होतं. ती आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवली.

"काका, वाजवलं का तुम्ही?"

"वाजवलं ना."

"माझ्याशिवाय?"

"तुमच्या जागा रिकाम्या ठेवल्या. मोजत बसलो." काम झाल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "मोसंबी पिळून प्या. फ्रिजातली नका खाऊ."

तेव्हाच सांगता आलं असतं. पिशवी हातात घेऊन मी थँक्यू म्हटलं.

महिन्याभराने ते सोनाळ्याला आपल्या गावी राहायला गेले. गिटार सोबत नेली. अधूनमधून फोन येतो. काकूंची तब्येत, संत्र्याची झाडं, निळी तार तुटली होती ती कशी बदलली. शेवटी विचारतात, "कधी येता सोनाळ्याले?" मी म्हणते, "येते काका." एकदा निघालेही होते. खामगावला बस बदलायची असते. तिथे स्टँडवर चहा घेतला आणि मेहकरच्या गाडीत बसून परत आले.

गेल्या महिन्यात लाईट गेली. खांबावर शिट्ट्यांची भाषा करणारे ते सहकारी आले होते. काम झाल्यावर म्हणाले, "मॅडम, काकांचा व्हिडिओ पाह्यला का तुम्ही? थांबा, पाठवतो."

ऑफिसचं आवार, कापडी मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढे दोन खुर्च्या ठेवलेल्या. एकीवर काका, नवा पांढरा शर्ट. दुसरी रिकामी. ते वाजवायला लागतात: एक स्वर, बऱ्याच वेळाने दुसरा. चाल अशी काही ऐकूच येत नाही. मग ते थांबतात. ओठ हलताना दिसतात. लोकांना वाटतं, विसरले. कुजबुज होते, कुणीतरी सांभाळून घ्यायला टाळी वाजवतं. शिट्टी एकही नाही. काका कुणाकडेच बघत नाहीत. आकडे संपताना ते रिकाम्या खुर्चीकडे वळून मान हलवतात, जोडीदाराला खूण करायची म्हणून मीच शिकवली होती तशी, आणि बरोब्बर वेळेवर पुढचा स्वर लावतात. माझ्यासोबत ते एकदाही इतके अचूक आले नव्हते.

वाजवून झाल्यावर साहेब माईक पुढे करतात. काका नको नको म्हणतात, मग घेतात.

"हे अर्धंच हाय," ते म्हणतात. "बाकीचं मॅडमपाशी हाय. त्याहिले ताप हाय आज. उतरला का सगळं ऐकवतो तुमाले."