शोभनाकाकूंच्या देव्हाऱ्यातली हस्तिदंती आई

माझ्या मैत्रिणीचा, नेत्राचा जन्म अमेरिकेतल्या प्लेनोचा, मराठी कामापुरतं, आणि काम असं की मंडळाच्या गणपतीत तिची ओळख करून देताना आईची पंचाईत होते. मुलगी म्युझियममध्ये जुन्या हस्तिदंती मूर्तींचं वय काढते हे ऐकून लोक "छान छान" म्हणतात आणि भावाची नोकरी कुठे ते विचारतात. तिला त्याचा राग येत नाही. मला येतो.

आमच्या शेजारच्या शोभनाकाकूंनी कुणाच्या तरी घरसामानाच्या सेलमधून वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती आणली होती. कडेवर बाळ घेतलेली आई. येशूची आई असणार हे काकूंना ठाऊक होतं. पण आईच ना, म्हणून त्यांनी ती देव्हाऱ्यात बसवली. रोज खोबरेल तेलाचं बोट, हळदकुंकू. काकूंना मूलबाळ नाही. त्या मूर्तीशी बोलतात, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे.

एकदा माझ्याबरोबर काकूंकडे जेवायला आलेली नेत्रा देव्हाऱ्यासमोर बसली ती उठेचना. मूर्ती किंचित एका बाजूला झुकलेली होती.

"सुळा वाकडा असतो ना, म्हणून जुने फ्रेंच कारागीर तिलाही तसंच झुकवायचे," ती म्हणाली. "पण नकली करणारेही हे कॉपी करतात. टेस्ट करावी लागेल."

"चार दिवस माहेरी जाऊन येऊ दे तिला," म्हणत काकूंनी मूर्ती दिली.

टेस्टसाठी तळाला भोक पाडून चिमूटभर भुकटी काढायची होती. भुकटीवरून हत्ती कधी मेला ते कळतं. कोरीवकाम कधीचं, ते हत्यारांच्या खुणा आणि सांदीतला जुना रंग पाहून ठरवतात. नेत्राने फोनवर परवानगी मागितली ती काकूंच्या नवऱ्याकडे, मनोहरकाकांकडे. काकांनी आयुष्यात देवाला फूल वाहिलेलं नाही. "कर की, खालून कुणाला दिसतंय," ते म्हणाले. काकूंना विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यात तेल आत मुरलेलं, आणि ताजं तेल भुकटीत आलं तर वय कमी दिसतं. म्हणून नेत्राला आणखी खोल जावं लागलं.

निकाल लागला त्या दिवशी मी काकूंकडेच चहाला होते. नेत्रा इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

"काकू, ओरिजिनल आहे. सातशे वर्षं जुनी. बहुतेक पॅरिसची."

काकूंनी मूर्ती हातात घेतली. बोट तळाशी गेलं आणि थांबलं.

"हे काय?"

नेत्राने उत्साहाने सगळं सांगितलं.

"अगं, खंडित मूर्तीची पूजा करत नाहीत."

नेत्राने काकांकडे पाहिलं. काका खाली बघत म्हणाले, "मूर्ती भंगली की ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत."

"मी फिल करून देते, काकू. कळणारही नाही."

"मला कळेल ना."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदराने मूर्ती पुसली आणि नेत्राच्या हातात परत दिली.

"तुमच्या म्युझियममध्ये ठेव. तिथे चालतं असं."

नेत्रा दाराशी पोचली तेव्हा काकूंनी हाक मारली. "तिथे फार गार असतं का गं? बाळ उघडं आहे तिचं."

"नाही काकू. एकसारखं टेंपरेचर ठेवतो आम्ही," नेत्रा म्हणाली, आणि तिथेच, एक पाय बुटात असताना, रडायला लागली.