वन्संची बुळबुळ

वन्सं गेल्या असा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी नाकाला पदर लावून त्यांच्याच बशा घासत होते. माझी ही थोरली नणंद जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाली आणि आमच्या रिहे गावी आमच्याकडे राहायला आली. तेव्हापासून माझ्या खिडकीत बशा, बशांत माशांच्या कातडीचे तुकडे, आणि त्यांवर ती शेंबडासारखी बुळबुळ! मासा मी खाते हो, पण शिजलेला. वन्सं मात्र चहा पिता पिता सांगायच्या, "मंदा, आपली वरची कातडी मेलेली असते. माशाची अगदी वरच्या थरापर्यंत जिवंत. त्यातल्या काही पेशी नुसती ही बुळबुळच तयार करतात. प्रथिन आणि साखर, पाण्यानं फुगलेली. जंतूंना अडवते, मारतेसुद्धा."

"ईऽऽ! वन्सं, चहा तरी गिळू द्या!"

त्या खुदूखुदू हसायच्या.

उन्हाळ्यात पिण्याच्या विहिरीत डासांच्या अळ्या झाल्या, म्हणून त्यांनी मरळ मासे सोडायचं ठरवलं. माझ्या धाकट्या दिरानं ओढ्यातून मासे आणले आणि सोडण्याआधी, रांधायला घ्यावेत तसे, राखेनं खसाखसा चोळले. आठवड्यात सगळे पोट वर करून तरंगले. अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी... आणि त्याच पाण्याचा चहा आम्ही पीत होतो! मला भडाभडा ओकारी झाली.

"अरे, तू त्यांचं कवचच खरवडलंस!" वन्सं कडाडल्या.

"ताये, पान्यात घान नगं म्हनून चोळलं. आता मासं न्हाईत का काय न्हाई, ब्लिचिंगच टाकतो."

"एकदा मला सोडू दे. तेही मेले तर टाक."

मेलेले मासे त्यांनी स्वतः काढले, विहीर उपसून घेतली. बुळबुळ पुसली जाऊ नये म्हणून नवे मासे ओल्या हातांनी सोडले. ते जगतात की मरतात हे कळायच्या आतच वन्संना दवाखान्यात न्यावं लागलं.

तेरावं झालं आणि भाऊजी ब्लिचिंगची पिशवी घेऊन निघाले. मी आडवी आले. "मेलेत का मासे? मग? ठेवा ती पिशवी!"

परवा पाणी काढताना बादली कलंडली आणि एक मरळ फरशीवर तडफडू लागला. चांगला वीतभर, धडधाकट. शिसारीनं अंगावर काटा आला. तरी हात ओले केले, त्याला ओंजळीत उचललं आणि विहिरीत सोडलं.

"वन्सं, जगलेत हो!" मी मोठ्यानं म्हटलं आणि मला रडू फुटलं... पण दोन्ही हात असे बरबटलेले, की डोळे पुसायचीही सोय नव्हती.