छज्ज्याचं पाणी

हे मी कुणापुढं बोलले नाही. मालकांपुढं नाही, लेकींपुढंही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच जीभ उचलतेय की काय, कुणास ठाऊक.

माजलगावकडून वडवणीला जाताना एक गोल स्टेडियम लागतं. कंडक्टर आजही ओरडतो, "चला, स्टेडियमवाले!" आमच्या सहकारी कारखान्यानं बांधलेलं. दुष्काळ होता, ऊस नव्हता, कारखाना बंद. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून चेअरमनसाहेबांनी कुस्त्यांसाठी हे काढलं. मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवती दगडी पायऱ्या, आणि मावळतीच्या अंगाला सावलीसाठी सिमेंटचा छज्जा. कसा छज्जा? बाईनं सूप पुढं धरावं ना, तसा — मागूनच पेललेला, समोर एकही खांब नाही. नकाशा इंजिनिअरचा, पण बांधत होता सोपानदादा गवंडी. नेकनूरकडचा माणूस, मला बहीण मानायचा.

"गयाबाई, खांब कावून नको, सांग बरं?"

"मला काय ठावं दादा, तुमीच सांगा."

"आगं, पैलवान चीत व्हायला अन् खांब आडवा यायला एकच गाठ पडली, तर त्या माणसाला घरी भाकर गोड लागंल का?" आणि स्वतःच लई हसायचा.

माझं काम काय, तर छज्ज्यावर पाणी मारायचं. नव्या सिमेंटवर बारदानं अंथरायची आणि ती सतत ओली ठेवायची. नाही तर ते आतून कच्चं राहतं. दादानंच शिकवलं होतं मला. त्यासाठी कारखान्याचा टँकर यायचा.

आता — कसं सांगू? लेकरं तहानेली होती असं मी म्हणाले, तर तुम्ही हळहळाल. पण तसं नव्हतं. प्यायला मिळत होतं आम्हाला. माझ्या दारात लिंबोणी होती. सगळी गल्ली करपलेली, आणि हिरवं तेवढं माझ्याच दारात. बाया थांबून बघायच्या. "गयाचा हातच गुणाचा हाय," म्हणायच्या. ते ऐकायला गोड लागायचं मला. एवढंच. त्यापायी छज्ज्याचं पाणी घागरीनं घरी न्यायचे, आणि दादा यायच्या वेळेला बारदानं ओली दिसतील एवढी वरवर भिजवायचे.

छज्ज्याला खालून दिलेल्या आधाराच्या फळ्या काढल्या आणि त्याला भेग गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणसं जमली. कुणी म्हणालं, गवंड्यानं सिमेंट खाल्लं. इंजिनिअरनं विचारलं, पाणी नीट मारलं होतं का? सगळे माझ्याकडं वळले.

"रोज मारलं," मी म्हणाले.

आणि सोपानदादा — ज्याची मान त्या उत्तरात अडकली होती तो — काय म्हणाला? "गयाबाई म्हणती म्हंजी मारलंच आसंल, सायेब. ती खोटं बोलायची न्हाई."

तेव्हा तरी तोंड उघडायचं का नाही मी?

छज्ज्याला समोरून खांब दिले. सोपानदादाच्या हातात त्या भागात पुन्हा कुणी थापी दिली नाही. पुढच्या हंगामाला तो कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. निघताना माझ्या दारात आला. मी त्याला लिंबाचं लोणचं दिलं — हो, त्याच लिंबोणीचं. दरसाल तो रिकामी बरणी घेऊन यायचा, "तुझ्या हातावानी चव न्हाई गं कुठं," म्हणायचा, आणि मी भरून द्यायचे. एका वर्षी आला नाही. तिकडंच, उसाच्या फडात वारला.

परवा नातीची कुस्ती होती. आता पोरीही लढतात ना. छज्ज्याखाली बसले. ऐन डावाला पुढचा एक जण मान वाकडी करत ओरडला, "कोन्या गाढवानं खांब घातला बे हितं?"

शेजारचा म्हातारा म्हणाला, "व्हता एक सोपान गवंडी. सिमेंट खाल्लं त्यानं."

मी त्यांच्या मागच्याच पायरीवर होते. हाताच्या अंतरावर. नात जिंकली तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या.